शिट्टीने पकडलेला क्वार्टरबॅक

माझ्या बायकोचा थोरला भाऊ लोवेल स्टिल्टनर याने ब्रॅनॉक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात बचावाचा कोच म्हणून चौतीस वर्षं एकच काम केलं. समोरच्या संघाला पुढे सरकू द्यायचं नाही. आता त्यातल्या बऱ्याच वर्षांत समोरचे संघ किती पुढे सरकले ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, साखळी मीच तर धरतो. मैदानाच्या कडेला दोन काठ्या आणि मध्ये दहा यार्डांची साखळी असते. चार प्रयत्नांत तेवढं अंतर कापलं की त्याच संघाला पुन्हा नवे चार प्रयत्न, आणि आम्ही साखळी उचलून पुढे न्यायची. पुढची काठी बावीस वर्षं माझ्याकडे आहे. आठवडाभर मी टायरच्या दुकानात बसून असतो. डॉक्टर म्हणतात, एमेट, चालत जा जरा. मी म्हणतो, शनिवारी आमचा लोवेल चालवतो की मला.

माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या चुकीशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. हरलो तर गवत ओलं होतं. गवत कोरडं असलं तर पंच आंधळे होते. पंच बरे निघाले तर पोरांनी आदल्या दिवशी पिझ्झा खाल्ला होता. एकदा तर स्वारीने कॉलेजच्या बँडवर खापर फोडलं. म्हणे ढोल एवढा मोठ्याने वाजत होता की माझ्या पोरांना विचारच करता येईना. माझी बायको नदीन त्याची सख्खी धाकटी बहीण, पण ती कसली सोडतेय. म्हणाली, "लोवेल, तुझी पोरं विचार करतात हे मला आजच कळलं."

गळ्यात कायम शिट्टी. काळ्या दोरीत ओवलेली, पितळेची. चर्चमध्ये जाताना टायच्या आत घालायचा. पोरं सरावाला उशिरा आली की शिट्टी, कुत्रं मैदानात शिरलं की शिट्टी. दुकानासमोर कुणी गाडी वाकडी लावली की तिथेही शिट्टी, आणि गंमत म्हणजे लोक गाडी सरळ करायचे. त्यामुळे शिट्टी वाजली की जग थांबतं असा त्याचा पक्का समज झाला होता. त्या समजानेच पुढे त्याचं वाटोळं केलं.

ऑगस्टात मुख्य कोच प्रेंटिसने त्याला खोलीत बोलावून स्वच्छ सांगितलं. हा प्रेंटिस लोवेलपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, दात असे पांढरेशुभ्र की बोलतो कमी आणि दाखवतो जास्त. "लोवेल, डॅरोकडून आपण लागोपाठ पाच वर्षं हरलोय. यंदा सहावं झालं तर बचावाला मला दुसरा माणूस बघावा लागेल." दुसरा माणूस म्हणजे कोण, तर प्रेंटिसचा जावई, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लोवेलला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आणि राहता मैदानामागचा बंगलाही कॉलेजचा. नोकरी गेली की छप्परही गेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस जाणार कुठे? नदीनला तेव्हापासून झोप लागेना, आणि तिला लागेना म्हणून मलाही लागेना.

डॅरो कॉलेज नदीपलीकडे, पूल ओलांडला की शेजारच्या केंटकी राज्यात. आठ मिनिटांचा रस्ता आणि एकशे दहा वर्षांचं वैर. जुन्या नावेवरचा एक लोखंडी हंडा आहे, तो जिंकणाऱ्याने न्यायचा, त्यात घेवड्याच्या दाण्यांचं आणि डुकराच्या हाडाचं सूप शिजवायचं, आणि हरलेल्या संघाच्या कोचांनी रांगेत उभं राहून एकेक वाडगा संपवायचा, सगळ्यांच्या देखत. पाच वर्षं लोवेल तो वाडगा संपवत होता आणि पाच वर्षं घरी येऊन सांगत होता की त्या लोकांना मीठ किती घालावं ते कळत नाही.

तर यंदा डॅरोकडे कीटन बॉग्ज नावाचं एक कार्टं आलं. एकोणीस वर्षांचं, पहिल्याच वर्षाला, ओठांवर धड मिसरूडही नाही. खेळायचा क्वार्टरबॅक. म्हणजे प्रत्येक वेळी चेंडू आधी याच्या हातात यायचा आणि पुढे काय करायचं ते यानेच ठरवायचं. पूर्वीचे क्वार्टरबॅक किती गुणी होते! एका जागी उभे राहायचे, चेंडू फेकायचे, आणि कुणी धिप्पाड माणूस अंगावर आला की निमूटपणे खाली बसायचे. हा बॉग्ज फेकायचाही आणि पळायचाही. तुम्ही पळणं अडवायला पुढे गेलात की डोक्यावरून फेकणार, फेकणं अडवायला मागे थांबलात की तुमच्या बगलेतून पळणार. सप्टेंबरपासून त्याने सात संघांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. आमचे लोक न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याचं नाव घ्यायचे तेव्हा आवाज खाली करायचे.

लोवेलने मात्र उपाय काढला होता. पहारेकरी! अकरा जणांतल्या एकाने चेंडूकडे बघायचं नाही, बाकी कुणाकडे बघायचं नाही, फक्त बॉग्जवर नजर ठेवायची. तो डावीकडे गेला की आपण डावीकडे, तो पळाला की आपण त्याला गाठायचं. जगभर हेच करतात, पण लोवेलने ते असं सांगितलं की जणू त्याच्याच परसात उगवलंय. पहारेकरी म्हणून निवडला ओटिस मॅब्रीला. शेतकऱ्याचा पोर, सव्वाशे किलोंचा, एवढा सज्जन की दारातून आत येताना दाराचीही माफी मागेल. सांगितलं ते करायचं, कमी नाही आणि जास्त नाही.

मग आठवडाभर सराव. आता सरावात खोटा बॉग्ज लागतो, म्हणून आपल्यातल्याच एका राखीव पोराला पिवळा सदरा घालून बॉग्ज करतात. पिवळ्या सदऱ्याला आपटायचं नाही हा नियम सगळीकडेच आहे, नाहीतर शनिवारपर्यंत आपलेच लोक लंगडे व्हायचे. पण इतर ठिकाणी निदान कवेत धरू देतात हो! लोवेलच्या सरावात चौदा वर्षांपूर्वी एका पिवळ्या सदऱ्याचा गुडघा मोडला. त्या पोराची आई मैदानावर येऊन लोवेलला जे बोलली ते बोलली. त्या दिवसापासून याने फर्मान काढलं, पिवळ्या सदऱ्याला बोटसुद्धा लावायचं नाही. हातभर अंतरावर पोचलात की मी शिट्टी वाजवणार, सगळ्यांनी थांबायचं, पकडला असं समजायचं.

पकडला असं समजायचं! आणि वर फळ्यावर खडूने रेघ. मंगळवारी नऊ रेघा, बुधवारी बारा, गुरुवारी चौदा. बुधवारी मी स्वतः कुंपणाला टेकून कॉफी पीत उभा होतो. मॅब्री धावत जायचा, पिवळ्या सदऱ्यासमोर हातभर अंतरावर गुडघे वाकवून, दोन्ही हात वर करून थांबायचा, शिट्टी वाजायची, लोवेल ओरडायचा, "पकडला!" आणि मी टाळ्या वाजवायचो. बावीस वर्षं मैदानात काढलेला माणूस मी, माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही. त्याला काय नावं ठेवायची! पण ठेवणार, कारण पगार तो घेत होता.

शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचं जेवण होतं. लोवेल मॅपल सिरपची बाटली हातात घेऊन टेबलांमधून फिरत होता, नवरदेवासारखा. "पस्तीस वेळा," म्हणत होता, "तीन दिवसांत पस्तीस वेळा पकडलाय. उद्या त्या पोराला मी खिशात घालून आणतो."

नदीन म्हणाली, "खिसा फाटका नाही ना, ते एकदा बघून घे."

"तू बघच."

"मी बघणारच आहे. आणि बसच्या थांब्यापासची ती रिकामी खोलीही बघून ठेवलीय तुझ्यासाठी." असं म्हणाली आणि लगेच तिचेच डोळे भरून आले. लोवेलने तिच्या ताटात न विचारता तिसरा पॅनकेक वाढला, आणि ती गुपचूप खाऊ लागली.

शनिवारी अशी थंडी की काठी धरताना हातमोजा तिला चिकटत होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही साखळीवाले ब्रॅनॉकचेच, पण पाहुण्या संघाच्या बाजूला उभे राहतो, डॅरोच्या बाकांना अगदी खेटून. त्यामुळे दरवर्षी ऑगस्टात आमच्याकडून कागदावर सही घेतात. आरडाओरडा करायचा नाही, टाळी वाजवायची नाही, आणि इथे कानावर पडलेलं तिकडे सांगायचं नाही. बावीस वर्षं मी ते पाळलं. तोंड बंद ठेवणं मला किती जड जातं ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, पण काठी हातात असली की मी मुका असतो. गावात माझी तेवढीच काय ती इज्जत आहे.

खेळ सुरू झाला. तिसऱ्याच खेळीत बॉग्ज चेंडू घेऊन उजवीकडे सुटला. मॅब्री त्याच्या मागे. आणि काय सांगू, मॅब्रीने त्याला गाठला की! कोपऱ्यात कोंडला. हातभर अंतर राहिलं. आणि आमचा मॅब्री तिथेच गुडघे वाकवून, दोन्ही हात वर करून थांबला.

बॉग्जही थांबला. त्या बिचाऱ्यालाही कळेना हे काय चाललंय. अर्धा क्षण दोघं एकमेकांकडे बघत उभे, जणू कुणीतरी फोटो काढणार आहे. मग बॉग्ज बाजूने निघून गेला, अडतीस यार्ड. मी साखळी उचलली आणि चालायला लागलो.

एकदा झालं, मला वाटलं पाय घसरला. दुसऱ्यांदा झालं, मला वाटलं पोर घाबरलं. मग बाकीचेही तसंच करायला लागले. एकेक धिप्पाड गडी धावत यायचा आणि बॉग्जसमोर येऊन ब्रेक लावल्यासारखा उभा. आधीच्या सामन्यांत हे झाकून गेलं होतं, कारण तिथले क्वार्टरबॅक आपणहून खाली बसायचे. हा बसणाऱ्यातला नव्हता. पलीकडे लोवेल टोपी आपटत होता, गवताकडे बोट दाखवत होता. गवत कोरडं ठणठणीत होतं हो.

मध्यंतराला तीन मिनिटं होती. बॉग्ज पाणी प्यायला माझ्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला. त्याच्या कोचला म्हणाला, "सर, हे लोक मला हात लावायच्या आधीच थांबतात. कशाची तरी वाट बघतात."

डॅरोचा कोच पोट धरून हसायला लागला. "शिट्टीची, बाळा! सरावात कुणीतरी लवकर शिट्टी वाजवतंय. तू नुसता पळत राहा, कोपऱ्यात सापडलास तरी घाबरू नकोस. ही पोरं तुला धरणार नाहीत, सलाम करतील."

बुधवारच्या सगळ्या शिट्ट्या एकदम कानात वाजल्या. मी मुकाट्याने काठी धरून उभा राहिलो. डॅरो एकवीस, ब्रॅनॉक दहा, मध्यंतर झालं.

साखळीवाले मध्यंतरात हॉटडॉग खातात. मी हॉटडॉग घेतला, दोन घास खाल्ले, आणि मला त्या बसच्या थांब्यापासची खोली दिसायला लागली. तिथे माझा मेहुणा एकटा बसलाय, गळ्यात शिट्टी. मी हॉटडॉग टाकला आणि गेलो. सही केली होती, माहीत होतं मला. तरी गेलो.

पोरांच्या खोलीबाहेरच्या बोळात लोवेल भिंतीवरच्या फळ्यावर वर्तुळं काढत होता. मला बघून खेकसला, "तू इथे काय करतोयस? काठी धर जा."

"लोवेल, तुझी पोरं थांबतायत."

"घसरतायत. त्या कोपऱ्यातलं गवत..."

"गवताला मार गोळी! बॉग्जला हात लावायच्या आधी थांबतायत. शिट्टीची वाट बघतायत. तुझ्या शिट्टीची. डॅरोवाले हसतायत रे तुला, मी या कानांनी ऐकलंय."

त्याने तोंड उघडलं. आता कुणावर ढकलतो याची मी वाट बघत होतो. पंच, बँड, पिझ्झा. काहीच आलं नाही. तो पाण्याच्या उपड्या बादलीवर बसला. चेहरा असा झाला की मला वाटलं छातीत दुखतंय.

"पस्तीस वेळा पकडला होता," हळूच म्हणाला.

"शिट्टीने पकडला होतास."

"चौदा वर्षं मी यांना थांबायला शिकवतोय?"

"हे रडगाणं नंतर गा. बारा मिनिटं आहेत. आणि मी आलो होतो हे कुणाजवळ बोलू नकोस."

तो उठला, शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात कोंबली आणि आत गेला. दार उघडंच राहिलं होतं. मी ऐकलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पोरांना सांगितलं, "चूक माझी आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलंय. आता कानात कसलीही शिट्टी नाही. तो बॉग्ज जमिनीला लागेपर्यंत थांबायचं नाही. कुणीही ओरडलं तरी नाही, मी ओरडलो तरी नाही."

मॅब्रीचा आवाज आला, "काहीही झालं तरी, कोच?"

"काहीही झालं तरी."

दुसऱ्या अर्ध्यात मी बावीस वर्षांत पाहिला नाही असा खेळ पाहिला. पहिल्याच खेळीत मॅब्रीने बॉग्जला असा उचलून आपटला की डॅरोच्या बाकावरच्यांचं हसू विरलं. पुन्हा आपटला. पुन्हा. बॉग्जच्या डोळ्यांत प्रथमच एकोणीस वर्षांचं पोर दिसायला लागलं. मिळालेल्या चार प्रयत्नांत त्याला दहा यार्ड सरकता येईना, आणि मला काठी घेऊन हलावं लागेना. उभं राहण्यात एवढं सुख असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्याही संघाने हळूहळू तेरा गुण काढले. ब्रॅनॉक तेवीस, डॅरो एकवीस. पलीकडे लोवेल दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मी टाळी वाजवली नाही, पण माझ्या बुटांच्या आत बोटं नाचत होती.

नऊ सेकंद उरले. डॅरोला आता एकच आशा, पुढे सरकून लाथेने चेंडू मैदानाच्या टोकाच्या दोन खांबांमधून मारायचा आणि तीन गुण घ्यायचे. पण खांब लांब होते, तेवढ्या लांबून मारणारा त्यांच्याकडे कुणी नव्हता. बॉग्ज चेंडू घेऊन आमच्याच बाजूला धावत आला. फेकायला कुणी सापडेना, पुढे जायला वाट मिळेना. मॅब्री मागे वाघासारखा. शेवटी बॉग्जने शहाण्यासारखं पांढऱ्या रेषेबाहेर पाऊल टाकलं. खेळी तिथेच संपली. पंचाने शिट्टी फुंकली. चार सेकंद उरले, खांब अजून लांबच. आम्ही जिंकल्यात जमा होतो.

मॅब्री थांबला नाही.

कसा थांबणार! कोचने सांगितलं होतं, कसलीही शिट्टी नाही. पोराने सांगितलं ते केलं, कमी नाही आणि जास्त नाही. रेषेबाहेर तीन पावलं जाऊन त्याने बॉग्जला धरला, आणि दोघं मिळून माझ्या अंगावर आले. खेळाडू अंगावर येताना दिसला की काठी टाकून मागे पळायचं, हा साखळीवाल्याचा पहिला धडा. मी काठी कवटाळून, आ वासून, मनातल्या मनात "धर त्याला, धर" म्हणत उभा होतो. माझ्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मलाच आला.

आडवा पडल्या पडल्या पंचाने फेकलेला पिवळा रुमाल हवेत उडताना दिसला. दंड पंधरा यार्ड. पंधरा यार्ड पुढे गेल्यावर ते खांब काही लांब राहिले नाहीत. माझी काठी दुसऱ्याच कुणीतरी धरली. डॅरोच्या पोराने लाथ मारली, चेंडू मधोमध गेला. चोवीस-तेवीस. बॉग्ज उठून कपडे झटकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, फार लागलं का हो?" मी त्याला जे म्हणालो ते चर्चला जाणाऱ्या माणसाने म्हणू नये.

मला दवाखान्यात नेलं. लोवेल सूप खायला गेला. नदीनने नंतर सांगितलं, त्याने अख्खा वाडगा संपवला आणि मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेव्हाच ती घाबरली.

सोमवारी प्रेंटिसने आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. लोवेलला, मॅब्रीला, आणि मला, कारण मार मला लागला होता आणि कागदांवर माझी सही हवी होती. मी हात गळ्यात बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. प्रेंटिस आज दात दाखवत नव्हता. मॅब्रीकडे बोट करून म्हणाला, "याला मी संघातून काढतोय. शिट्टी वाजल्यावर माणसांना तुडवतो म्हणजे काय!"

मॅब्री मान खाली घालून रडत होता. सव्वाशे किलोंचं पोर रडतं तेव्हा खुर्चीही हलते.

लोवेल म्हणाला, "त्याने मी सांगितलं तेच केलं. थांबू नकोस असं मी सांगितलं होतं."

"तू? पहिल्या अर्ध्यात तर सगळे पुतळे होते. मध्यंतरात एकदम कुठून उगवलं हे?"

"माझा सराव चुकीचा होता. पोरांना थांबायची सवय लागली होती. ते मला दिसलं."

"तुला दिसलं?" प्रेंटिस पुढे वाकला. "चाळीस हातांवरचा गुणफलक वाचायला तुला चष्मा लागतो. खरं सांग, कुणी सांगितलं?"

मी माझ्या झोळीची गाठ बघत होतो. नदीनने चांगली घट्ट गाठ मारली होती. बोलायचं होतं मला, खरंच होतं. पण बोललो तर काठी जाणार, सही मोडणारा म्हणून गावात नाव जाणार, आणि वाटलं, लोवेल सांगेलच की. आयुष्यभर दुसऱ्याचंच नाव घेत आलाय, आज माझं घेईल. मी ते ऐकायच्या तयारीने बसलो होतो.

"कुणी नाही," लोवेल म्हणाला. "मलाच दिसलं."

"मग चौदा वर्षं का नाही दिसलं?"

मॅब्री संघात राहिला. लोवेलला महिनाअखेर बंगला रिकामा करायला सांगितलं. प्रेंटिसने त्याच्याशी हात मिळवला, माझ्याकडून तीन ठिकाणी डाव्या हाताने सह्या घेतल्या, आणि दार उघडून धरलं.

बाहेर गाड्यांपाशी आल्यावर मला वाचा फुटली. फुटायचीच होती. "अरे गाढवा, माझं नाव का नाही घेतलंस? साखळीवाला बातमी फोडतो हे बाहेर कळलं असतं तर अख्ख्या कॉलेजची अब्रू गेली असती. तुझं तोंड बंद राहावं म्हणून प्रेंटिसने तुला डोक्यावर घेतलं असतं!"

लोवेल किल्ली शोधत होता. "तूच म्हणालास ना, बोलू नकोस."

"ते सामन्यापुरतं रे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच फार लागलं. "तू होतास की तिथे, एमेट," म्हणाला. "तोंड तर तुलाही होतं."

मला लाज वाटली, अशी वाटली की त्या थंडीत कान तापले. तो गाडीत बसला, काच खाली करून म्हणाला, "खांदा हलवू नकोस," आणि गेला.

बसच्या थांब्यापासची ती खोली काही त्याला घ्यावी लागली नाही. आमच्या मागच्या खोलीत राहतो आता. सकाळी शाळेच्या बसपाशी पोरं रस्ता ओलांडताना हातात ‘थांबा’ लिहिलेली पाटी घेऊन उभा असतो, एवढं काम मिळालं. प्रेंटिसचा जावई बचाव सांभाळतो. नदीन मला जेवायला वाढते, पण प्रेंटिसच्या खोलीत मी गप्प बसलो हे मीच तिला सांगितलं, तेव्हापासून बरेच दिवस माझ्याशी बोलताना ती भिंतीकडे बघत होती.

पुढच्या ऑगस्टात कॉलेजातून सहीचा कागद आला. नेहमीचाच, आरडाओरडा करायचा नाही, टाळी वाजवायची नाही, कानावर पडलेलं सांगायचं नाही. दोन दिवस तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता. लोवेलने त्याच टेबलाशी बसून तीन वेळा अंडी-टोस्ट खाल्लं आणि कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी सही केली.

पहिल्या शनिवारी मी टोपी घालत होतो तेव्हा त्याने विचारलं, "खांद्याला काठी पेलेल ना?"

"पेलेल."

"मग नीघ. उशीर होईल तुला."

मी निघालो.